विश्लेषण : सायलेन्सर बदलला, जेट तसाच राहिला, टू-स्ट्रोक इंजिन का ‘पकडते’?

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५मध्ये आली आणि १९९६मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही पुणे, कोल्हापूर, नाशिकमधल्या गॅरेजांत आजही या गाडीची इंजिने उघडी पडलेली दिसतात. कोणी ती मूळ रूपात आणतो, तर कोणी डर्ट ट्रॅकवर किंवा ड्रॅगसाठी तयार करतो. दुसऱ्या प्रकारात खर्चाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मधे फुगीर असलेला रेसिंग सायलेन्सर. मग मोकळा एअर फिल्टर, सिलिंडरच्या पोर्टचे काम आणि जमल्यास मोठा कार्ब्युरेटर. गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळते, आवाजही बदलतो. आणि एखाद्या दिवशी सरळ रस्त्यावर पूर्ण रेस दिलेली असताना मागचे चाक अचानक जाम होते. गॅरेजच्या भाषेत, इंजिन ‘पकडते’.

सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवर उभे ओरखडे दिसतात, कधी पिस्टनच्या डोक्याला भोकही पडलेले असते. दोष ऑइलला दिला जातो, पिस्टनच्या कंपनीला दिला जातो. बऱ्याच वेळा कारण असते कार्ब्युरेटरच्या तळाशी बसवलेला, करंगळीच्या नखाएवढा पितळी स्क्रू. तो कोणीच बदललेला नसतो.

जेट म्हणजे नेमके काय?

कार्ब्युरेटरमध्ये हवेचा मार्ग मधे अरुंद केलेला असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल वर ओढले जाते. किती पेट्रोल वर यायचे, हे वाटेतल्या भोकाच्या मापावर ठरते. या मापाचे भोक पाडलेला पितळी तुकडा म्हणजे जेट. त्यात सेन्सर नाही, संगणक नाही. बाहेर थंडी आहे की ऊन, गाडी समुद्रकाठी आहे की डोंगरावर, टाकीत कोणते पेट्रोल आहे, यातले काहीच त्याला कळत नाही.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडे वाढवून हे प्रमाण १ ला १२.५ ते १३च्या आसपास ठेवले जाते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’, कमी पडले तर ‘लीन’.

हिशेब करून पाहिला तर हा मामला किती नाजूक आहे ते कळते. आरएक्स १००चे इंजिन ९८ सीसीचे आहे. टू-स्ट्रोक असल्याने ते क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा श्वास घेते. ७,५०० आरपीएमला सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असे धरले, तर मिनिटाला सुमारे ७३५ लिटर हवा आत जाते. तिचे वजन नऊशे ग्रॅमच्या आत-बाहेर. त्यासाठी लागणारे पेट्रोल मिनिटाला साधारण ९० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास. यात पाच टक्के कमी पडणे म्हणजे मिनिटाला जेमतेम एक चमचा कमी.

जेटवरच्या आकड्यांची एक गंमत आहे, आणि ती महागात पडू शकते. काही कंपन्यांच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो. तिथे १०० म्हणजे १ मिलिमीटर. काही जेटवरचा आकडा त्यातून किती द्रव वाहतो यावर दिलेला असतो. व्यासाच्या पद्धतीत १०० वरून १०५वर गेले की भोकाचे क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढते, प्रवाहाच्या पद्धतीत वाढ ५ टक्केच असते. त्यामुळे एका कंपनीचा १०० आणि दुसऱ्या कंपनीचा १०० हे सारखे नव्हेत. मित्राच्या गाडीत ११० चालतो म्हणून आपल्याही गाडीत ११०, हा हिशेब इथेच फसतो.

१००चा १०५ होतो तो ०.०५ मिलिमीटरने. हे माप माणसाच्या केसाच्या सर्वसाधारण जाडीपेक्षा कमी आहे. म्हणूनच तुंबलेला जेट तारेने टोकरून साफ करण्याची सवय वाईट. पितळ मऊ असते, तार त्याला घासते आणि आकडा तोच राहून भोक बदलते. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा एवढे पुरते.

सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर काय होते?

एक्स्पान्शन चेंबर ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यात जळालेला धूर जोरात बाहेर खेचतो आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण दाबलहरीने परत सिलिंडरमध्ये ढकलतो. त्या पट्ट्यात इंजिन जास्त हवा घेते. मोकळ्या फिल्टरमुळे हवेचा अडथळा घटतो आणि पेट्रोल वर ओढणारा दाबातला फरकही कमी होतो. हवा वाढली, पण भोक तेवढेच राहिले. मिश्रण लीन झाले.

फोर-स्ट्रोक इंजिन थोडे लीन चालले तर ते तापते, ‘खट-खट’ करते, पण बहुतेकदा सावरायला वेळ देते. टू-स्ट्रोकचे तसे नाही. इथे पेट्रोल हे इंधन आहे तसेच आतून गारवा देणारे द्रवही आहे. पेट्रोलची वाफ होताना क्रँककेस आणि पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता शोषली जाते. त्यात आजचे अनेक गाडीवाले ऑइल पंप काढून टाकतात आणि ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळतात. मग पेट्रोल कमी आले की वंगणही कमी येते. पिस्टन जास्त तापतो, फुगतो आणि नेमके त्याच वेळी त्याला ऑइल कमी मिळते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण बंद केली तर धोका आणखी वाढतो, कारण आरपीएम जास्त असतात आणि पेट्रोल-ऑइल जवळजवळ बंद असते.

यावर गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला असतो, ‘ऑइल थोडे जास्त टाका.’ तो अर्धवट खरा आहे. लिटरला २० मिलिलिटरऐवजी ४० मिलिलिटर ऑइल टाकले की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोलचा वाटा सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. द्रव थोडे घट्टही होते. म्हणजे जेट तोच ठेवून ऑइल वाढवले तर मिश्रण आणखी लीन होते.

रिच मिश्रण तुलनेने क्षमाशील. धूर, काळा प्लग, ‘भर्र-भर्र’ असा अडखळता आवाज, वाढलेला पेट्रोलचा खर्च. ताकद जाते, पण पिस्टन वाचतो. त्यामुळे जाणकार मेकॅनिक सुरुवात नेहमी रिच बाजूने करतात आणि पायरी-पायरीने खाली येतात.

सगळा दोष मेन जेटचाच का नसतो?

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजणारे भाग एकाहून जास्त आहेत आणि रेस किती उघडी आहे त्यानुसार ते पाळीपाळीने काम करतात. आरएक्सवर असलेल्या मिकुनीच्या व्हीएम प्रकारच्या कार्ब्युरेटरमध्ये आयडलिंगपासून साधारण पाव रेसपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचे राज्य असते. त्याच्या जरा पुढे स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप महत्त्वाचा ठरतो. काप मोठा असेल तर मिश्रण लीन. पाव ते पाऊण रेसमध्ये स्लाइडला लटकणारी निमुळती सुई काम करते. मेन जेटची खरी सत्ता पाऊण रेसच्या पुढे.

मुठीवर रंगीत टेपची एक पट्टी आणि शेजारी बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा केल्या की गाडी नेमकी कुठे अडखळते ते सांगता येते. ‘पिकअपला मिसिंग मारते’ एवढ्या वर्णनावर मेन जेट बदलणे म्हणजे दात दुखत असताना चष्म्याचा नंबर बदलण्यासारखे आहे.

सुईची क्लिप हा यातला सर्वांत स्वस्त उपाय, कारण काही विकत घ्यावे लागत नाही. सुईवर साधारणपणे पाच खाचा असतात आणि त्या वरून मोजतात. क्लिप खालच्या खाचेत टाकली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते.

एअर स्क्रूबाबत मात्र उलटसुलट गोंधळ असतो. व्हीएमसारख्या कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा नियंत्रित करतो. तो बाहेर काढला की मिश्रण लीन. अनेक फोर-स्ट्रोक गाड्यांत स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो, पेट्रोल-मिश्रण नियंत्रित करतो, आणि बाहेर काढला की मिश्रण रिच. आधी स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते पाहायचे, मग पिळायचा.

मेन जेट निवडतात कसा?

जेटच्या डब्याला हात लावण्याआधीचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच सर्वाधिक टाळले जाते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी मॅनिफोल्ड तीस वर्षांचा असेल तर तडकलेला असू शकतो. क्रँकचे सील झिजलेले असू शकतात. दोन्हीकडून मोजमाप नसलेली हवा आत शिरते आणि अशा इंजिनात कोणताच जेट ‘बरोबर’ ठरत नाही. आज जुळवले, उद्या पुन्हा बिघडले, असे होत राहते. वाटीतल्या पेट्रोलची पातळी ठरवणारी फ्लोटची उंचीही आधी तपासावी लागते. पातळी खाली असेल तर सगळी सर्किट थोडी लीन होतात.

त्यानंतर अंदाजापेक्षा दोन पायऱ्या मोठा मेन जेट टाकतात. इंजिन पूर्ण गरम करून, बंद ट्रॅकवर वरच्या गिअरमध्ये पूर्ण रेस देतात. जेट फार मोठा असेल तर इंजिन वरच्या आरपीएमला चढतच नाही, दर दुसरा ठोका चुकल्यासारखा घरघरता आवाज येतो. एक पायरी खाली आणून पुन्हा तीच फेरी. घरघर संपून इंजिन स्वच्छ ओढू लागले की तिथेच थांबण्याचा मोह होतो. आणखी एक पायरी खाली गेले तर गाडी कदाचित अजून थोडी जोरात पळेल, पण तो वेग उधारीचा असतो. ट्रॅकवर काही मिनिटांच्या शर्यतीसाठी एखादा ती उधारी घेईलही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ती घेऊ नये.

लीन आहे की नाही हे ओळखण्याची एक जुनी खूण आहे. पूर्ण रेसवर असताना मूठ किंचित मिटवायची. गाडी मंदावण्याऐवजी क्षणभर जास्त ओढली तर मेन जेट लहान आहे. मधल्या रेसवर अडखळणारी गाडी चोक थोडा ओढल्यावर सुधारत असेल तर तिथेही पेट्रोल कमी पडते आहे. रेस सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच लटकत असतील तर संशय पायलट जेटवर किंवा हवेच्या गळतीवर.

मग येते प्लगची परीक्षा. नवा प्लग लावून पूर्ण रेसची फेरी, त्याच क्षणी क्लच दाबून किल स्विच, गाडी तशीच थांबू देणे आणि प्लग काढून पाहणे. आयडलिंगवर गाडी परत आणून प्लग पाहिला तर तो फक्त आयडलिंगची कहाणी सांगतो. वाचायचे ते प्लगचे टोक नव्हे, तर पांढऱ्या चिनी मातीच्या बुडाशी, अगदी आत दिसणारे वर्तुळ. तिथे हलकी तपकिरी-करडी रेघ हवी. पूर्ण पांढरे, चकाकते किंवा बारीक ठिपके असलेले दिसले तर त्याच जेटवर पुढची फेरी मारू नये. ‘प्लग कॉफीसारखा तपकिरी हवा’ हा गॅरेजमधला नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला आहे. भारतात फेब्रुवारी २०००पासून केवळ शिसेविरहित पेट्रोल मिळते आणि त्याने प्लगवर चढणारा रंग फिकट असतो. जुन्या रंगाच्या शोधात काही जण विनाकारण जेट मोठा करत जातात.

मेन जेट ठरल्यावर सुई, मग स्लाइड आणि शेवटी पायलट, असा क्रम बरेच मेकॅनिक पाळतात. पायलटसाठी स्क्रू पूर्ण आत घालून दीड फेरा बाहेर काढतात आणि आयडलिंग सर्वांत वर जाईल ती जागा शोधतात. व्हीएममध्ये ती जागा तीन फेऱ्यांच्या आसपास सापडत असेल तर पायलट जेट मोठा आहे, अर्ध्या फेऱ्याच्या आत सापडत असेल तर लहान. एका वेळी एकच बदल, हा नियम ऐकायला सोपा वाटतो. शनिवारी संध्याकाळी चार मित्र गाडीभोवती उभे असताना तो पाळणे अवघड जाते.

मुंबईत जुळवलेली गाडी महाबळेश्वरला का गुदमरते?

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंच आहे. तिथली हवा मुंबईच्या तुलनेत सुमारे १२ टक्के विरळ असते. पण मिश्रण १२ टक्के रिच होत नाही, कारण हवा विरळ झाली की पेट्रोल ओढणारा जोरही घटतो. गणित वर्गमुळाचे आहे. त्यामुळे प्रत्यक्ष फरक सहा-सात टक्क्यांचा पडतो. गाडी घाटमाथ्यावर जड वाटते, धूर वाढतो, खाली उतरल्यावर ती बरी होते.

काळजीचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. वर जुळवून खाली आले तर तेवढ्याच टक्क्यांनी मिश्रण लीन होते. सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात काठावर जुळवलेले इंजिन मुंबईच्या रस्त्यावर अडीच-तीन टक्क्यांनी लीन पडते. तापमानाचेही असेच. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी उत्तम जमलेला जेट डिसेंबरात १० अंशांच्या पहाटे सुमारे पाच टक्के कमी पडतो, कारण थंड हवा जड असते. ‘थंडीत गाडी मस्त पळते’ असे वाटते तेव्हाच पिस्टन धोक्याच्या जवळ असतो.

ई-२० पेट्रोलने काय बदलले?

इथे प्रश्न फक्त रेसिंगच्या शौकिनांचा राहत नाही. आरएक्स १०० बनली तेव्हा भारतातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम २००३मध्ये सुरू झाला. वीस टक्के मिश्रणाचे २०३०साठीचे उद्दिष्ट सरकारने नंतर २०२५-२६वर आणले आणि आता पंपांवर सर्रास मिळते ते ई-२०.

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. ते पूर्ण जळण्यासाठी १ भागाला केवळ ९ भाग हवा लागते. त्यामुळे ई-२०चे आदर्श प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. साध्या पेट्रोलवर जुळवलेला जेट तसाच ठेवून ई-२० भरले तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होते. आधी ई-१०वर जुळवलेले असेल तर फरक याच्या निम्मा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा बदल ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. भारतात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पण त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

याचा अर्थ ई-२० भरताच प्रत्येक जुनी आरएक्स बंद पडेल, असा नाही. कंपनीचे मूळ जेटिंग सहसा रिच बाजूला राखलेले असते. इथेनॉलची वाफ होताना जास्त उष्णता शोषली जाते आणि त्याचा ऑक्टेनही चांगला असतो. हे सगळे मूळ अवस्थेतल्या इंजिनाला सांभाळून घेते. पोर्ट केलेल्या, चेंबर लावलेल्या आणि दोन-तीन वर्षांपूर्वी काठावर जुळवलेल्या इंजिनात मात्र ही उशी आधीच वापरून झालेली असते. अशा गाडीचे जेटिंग आजच्या पेट्रोलवर नव्याने तपासायला हवे. गरज पडल्यास फक्त मेन जेट नव्हे, सुईची खाच आणि पायलट जेटही, कारण पेट्रोल सगळ्या सर्किटमधून वाहते. जोडीने जुने रबरी पाइप आणि ओ-रिंगही बदलाव्यात. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही आणि ते पाणी शोषते. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची वाटी रिकामी करून ठेवलेली बरी.

मीटर लावून हे सोपे होत नाही का?

फोर-स्ट्रोकमध्ये बऱ्यापैकी होते. सायलेन्सरमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला की मिश्रणाचा आकडा थेट दिसतो. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच सायलेन्सरमध्ये निसटतो. त्यातला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि मिश्रण आहे त्यापेक्षा लीन असल्याचा आकडा येतो. ऑइलच्या धुरामुळे सेन्सरही लवकर खराब होतो. म्हणून टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या तोंडाशी धुराचे तापमान मोजणारा मीटर जास्त वापरला जातो. तोही एकाच इंजिनावर आधीच्या आणि नंतरच्या जेटची तुलना करण्यापुरता विश्वासाचा. दुसऱ्याच्या गाडीवरचा आकडा आपल्याला लागू नाही.

पीयूसी पास म्हणजे जेटिंग ठीक?

नाही. पेट्रोल दुचाकीची पीयूसी चाचणी आयडलिंगवर होते. तिथे मेन जेटचा संबंधच येत नाही. पीयूसीसाठी काही जण एअर स्क्रू लीनकडे फिरवून प्रमाणपत्र मिळवतात आणि तो परत फिरवायला विसरतात. पूर्ण रेसवर मिश्रण कसे आहे, हे त्या कागदावरून कळत नाही.

कायद्याचा भाग वेगळा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करायला मनाई करते. कर्कश सायलेन्सरवर वाहतूक पोलिसांची कारवाई होते आणि जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो राज्यातल्या शहरांतून वेळोवेळी येतात. पूर्ण रेसच्या चाचण्याही सार्वजनिक रस्त्यावर करता येत नाहीत, त्यासाठी बंद ट्रॅकच हवा.

ट्रॅकवर जाताना मुरलेले मेकॅनिक सोबत वही ठेवतात. त्यात तारीख, ठिकाण, वेळ आणि तापमान, पेट्रोल कोणते आणि ऑइल किती, मेन आणि पायलटचा आकडा व कंपनी, सुईची खाच, एअर स्क्रूचे फेरे, प्लग कसा दिसला, एवढ्या नोंदी असतात. पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी परत आली की जेटचा डबा उघडण्याआधी ते पान उघडले जाते.